मण्याचा फोटो: खेळ सगळा उजेडाचा

लोहारा तालुक्यातल्या माकणीच्या धरणात साठणारं तेरणा नदीचं पाणी वाटेत तेरला भेटून आलेलं असतं. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर म्हणून त्याची नोंद आहे. पैठणचे अकीकाच्या जातीचे दगड आणि तगरचं कापड, मलमल असा माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचा, असं तीत लिहिलंय. तेरच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांतून, सातवाहनांच्या काळातले मणी निघाले. दगडाचे, काचेचे, शंखाचे, भाजलेल्या मातीचे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं गोळा केलेल्या वस्तूंतून तेरला जे संग्रहालय उभं राहिलं, तिथे ते पाहायला मिळतात.

असा एखादा मणी हाताने घडवायला कारागिराने किती जीव ओतला असेल! पण त्याचा मोबाइलवरचा फोटो पाहावा तर मधोमध पांढराफटक ठिपका, कडा पुसट, रंग भडक, आणि बारकाईने बघितलं तर मण्यात फोटो काढणाऱ्याचाच हात. पोत, बंजारा दागिने, तुळशीच्या माळा हाताने बनवून विकणाऱ्या आजच्या बायाबापड्यांचीही हीच अडचण आहे. गिऱ्हाईक फोटो बघूनच माल घेतं किंवा पुढे सरकतं. यावर महागडा कॅमेरा घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते तो पैसा आधी वाचवावा आणि उजेड समजून घ्यावा.

गुळगुळीत मण्यावरचा तो पांढरा ठिपका म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब. घोटून चकचकीत केलेला गोल मणी बहिर्वक्र आरशासारखा वागतो. समोरची अख्खी खोली, खिडकी, छत, मोबाइल, आपण, सगळं तो इवल्याशा जागेत सामावून घेतो. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, म्हणून उन्हात त्याचं प्रतिबिंब टाचणीच्या डोक्याएवढं आणि डोळे दिपवणारं पडतं. मोबाइलच्या फ्लॅशचंही तसंच. तोच मणी ढगाळ दिवशी अंगणात ठेवा. आता दिवा म्हणजे सगळं आभाळ, त्यामुळे चमक मण्याच्या अंगावर पसरते, सौम्य होते आणि तिच्याखालचा रंग दिसू लागतो.

म्हणजे करायचं एवढंच की दिवा मोठा करायचा. खिडकीला पातळ पांढरं धोतर लावलं, किंवा मण्याभोवती ट्रेसिंग पेपरची नळी उभी करून बाहेरून उजेड सोडला, की काम होतं. नळीच्या वरच्या तोंडातून फोटो घ्यायचा. मात्र चहूबाजूंनी सारखाच उजेड आला तर मणी सपाट, निर्जीव दिसतो. अशा वेळी काळ्या कागदाची एक अरुंद पट्टी नळीच्या आत बाजूला उभी करावी. तिचं काळं प्रतिबिंब मण्याच्या कडेने उमटतं आणि गोलाई उठून येते. चकचकीत वस्तूचा फोटो काढताना आपण खरं तर तिच्या भोवतालचा फोटो काढत असतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंच सोपं जातं.

चमक कमी करायचा दुसरा मार्ग ध्रुवीकरणाचा. काच किंवा गारगोटीसारख्या पृष्ठभागावरून तिरका परतणारा उजेड एका दिशेत ध्रुवित झालेला असतो. गारगोटीच्या जातीच्या दगडांचा अपवर्तनांक साधारण १.५४ असतो. त्यावरून हिशेब केला तर पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेपासून ५७ अंशांच्या आसपास हा परिणाम सर्वांत जास्त होतो. पोलराइज्ड गॉगलची काच मोबाइलच्या लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवा, एका जागी मण्यावरचा चकाकता पापुद्रा विरघळल्यासारखा दिसेल. मणी गोल असल्यामुळे सगळीकडची चमक एकदम जात नाही. ती पुरती घालवायची तर दिव्यासमोरही ध्रुवक (तशीच पोलराइज्ड काच) लावून दोन्ही एकमेकांना काटकोनात ठेवावे लागतात. सोन्याच्या किंवा पितळेच्या मण्यावर नुसत्या गॉगलचा उपयोग होत नाही, कारण धातूवरून परतणारा उजेड या रीतीने ध्रुवित होत नाही.

आता धूसर कडांकडे वळू. जवळून फोटो काढताना कॅमेऱ्याला एका वेळी फार थोडी खोली स्पष्ट दिसते. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर मणी त्याच्या मूळ आकाराएवढा टिपला आणि लेन्सचं छिद्र एफ-८ वर ठेवलं (आकडा मोठा, तसं छिद्र लहान), तर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा मिळतो. मणी आठ मिलिमीटरचा असेल तर बाकी सगळा धूसर. मग छिद्र आणखी लहान का करू नये? कारण लहान छिद्रातून जाताना प्रकाशलहरी पसरतात आणि बारीक तपशील एकमेकांत मिसळतात. एवढ्या जवळून एफ-१६ हे प्रत्यक्षात एफ-३२ सारखं वागतं. खोली मिळते, पण धार जाते. म्हणून जाणकार लोक स्पष्टतेचा पट्टा थोडा थोडा मागे सरकवत अनेक फोटो घेतात आणि संगणकावर त्यांतले स्पष्ट भाग जोडतात. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात.

इथे मोबाइलची बाजू भक्कम आहे. त्याचा सेन्सर लहान, म्हणून तेवढ्याच चौकटीत त्याला जास्त खोली स्पष्ट मिळते. फक्त त्याला मण्याच्या नाकाशी नेऊ नये. बऱ्याच मोबाइलांचं मॅक्रो हे रुंद कोनाच्या लेन्सवर चालतं. ती दोन-तीन सेंटिमीटरवर नेली की मोबाइलचीच सावली पडते आणि मण्याची पुढची बाजू फुगलेली दिसते. वीतभर लांब राहावं, दुप्पट झूम वापरावा, नंतर फोटो कापून घ्यावा. लांबट मणी आडवा, लेन्सला समांतर ठेवावा, म्हणजे हाताशी असलेली खोली पुरते. हात तर हलतोच, म्हणून मोबाइल डब्याला टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा. नवा मणी घरंगळत असेल तर भोकातून उदबत्तीची काडी घालून उभा करता येतो. जुन्या मण्याच्या भोकात काहीही घालू नये. का, ते पुढे येईलच.

रंगाच्या बाबतीत कॅमेरा हटकून चुकतो. समोर जे येईल ते मध्यम करडं आहे असं धरून तो उजेड ठरवतो. त्यामुळे तुळजापूरच्या कवड्यांची पांढरी माळ मळकट येते आणि मंगळसूत्राची काळी पोत राखाडी. कवड्यांसाठी उजेडाची पट्टी बोटाने थोडी वर सरकवावी, काळ्या मण्यांसाठी खाली. लाल अकीक सगळ्यांत अवघड. त्याचा लाल इतका भडक असतो की सेन्सरची लाल वाहिनी आधीच भरून वाहते आणि दगडातल्या फिक्या-गडद छटा एकाच लाल डागात बुडतात. तो मुद्दाम जरा अंधारा टिपावा, नंतर उजळता येतो. खिडकीचा आणि ट्यूबचा उजेड एकत्र करू नये. दोन्हींचे रंग वेगळे, कॅमेरा कुणा एकालाच पांढरं मानणार.

पण हा सगळा खटाटोप मला सुंदर फोटोपेक्षा वेगळ्याच कारणासाठी मोलाचा वाटतो. उजेडाची दिशा बदलली की मणी कसा घडला ते दिसू लागतं. मातीच्या मण्यावर अगदी आडवा, जमिनीलगतचा उजेड टाकला की बोटांचे ठसे आणि कोरलेल्या रेघा सावल्यांसह उभ्या राहतात. समोरून टाकलेल्या उजेडात त्या सापडत नाहीत. तुळशीच्या लाकडी मण्यालाही हाच उजेड मानवतो.

अकीकाला मात्र मागून उजेड हवा. दख्खनच्या काळ्या पाषाणात लाव्हा थिजताना वायूंच्या पोकळ्या राहिल्या. त्यांत सिलिका साचून हे दगड तयार झाले, आणि ते अर्धपारदर्शक असतात. मण्यामागे ट्रेसिंग पेपर आणि त्यामागे छोटी बॅटरी ठेवली, बाकी खोली अंधारी केली, तर मणी आतून उजळतो. दगडातले पट्टे दिसतात आणि मधून जाणारं भोकही दिसतं. पुष्कळदा ते सरळ नसतं. दोन्ही टोकांकडून निघालेली दोन भोकं मधोमध किंचित चुकून भेटलेली असतात आणि तिथे एक छोटी पायरी उरते. अकीक कडक, एकाच बाजूने आरपार गेलं तर पलीकडच्या टोकाचा टवका उडायचा. म्हणून कारागीर अर्ध्यावर थांबून मणी फिरवायचा. त्याचा तो निर्णय या पायरीत आजही शाबूत आहे.

अशा भोकांचा अभ्यास करणारे लिओनार्ड गोरेलिक आणि जॉन ग्विनेट हे दोघे मूळचे दंतवैद्यकातले. दातांचे ठसे घ्यायची पद्धत त्यांनी प्राचीन मण्यांना लावली. भोकात सिलिकॉन भरून साचा काढायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. हिऱ्याच्या टोकाच्या गिरमिटाने पाडलेल्या भोकात बारीक, एकसारखी वलयं उमटतात. अशा खुणांवरून त्यांनी १९८८ मध्ये भारतातून रोमकडे गेलेल्या हिऱ्यांविषयी लिहिलं. खंबायतचे कारागीर हिऱ्याच्या टोकाने अकीक आजही विंधतात. जुन्या मण्याच्या भोकात काडी घालू नये ती याचसाठी. आतल्या खुणा हाच त्याचा दाखला असतो.

काचेचा मणीही मागच्या उजेडात बोलका होतो. आतले बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबट ताणलेले असतील तर काचेची नळी ओढून तिचे तुकडे पाडले होते. बुडबुडे आणि रेघा भोकाभोवती फिरत असतील तर वितळलेली काच सळईवर गुंडाळली होती. आपले पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षित यांनी १९४९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून रेखांकित अकीक मण्यांवर आणि पुढे १९६९ मध्ये भारतीय काचेच्या इतिहासावर पुस्तकं लिहिली. त्यांच्या काळी चांगली छायाचित्रं मिळवणं हेच मोठं काम होतं. आज त्यासाठीचं साधन प्रत्येकाच्या खिशात आहे.

तेरणेच्या खोऱ्यात पावसाळ्यात पांढरीची टेकाडं धुपतात, नांगरटीत जुन्या वस्तू वर येतात. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, आणि जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. तेव्हा मणी दिसला तर लगेच उचलू नका, धुऊ नका, तेल लावून चमकवू नका. आधी आहे त्या जागी फोटो काढा. एक लांबून, आजूबाजूचं शेत, बांध, झाड ओळखू येईल असा. एक जवळून, सावलीत, शेजारी मोजपट्टी ठेवून. पट्टी मण्याच्या मध्याएवढ्या उंचीवर धरा, नाहीतर माप चुकतं. फोटोबरोबर तारीख आणि गट क्रमांक लिहून ठेवा, तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना खबर द्या आणि तेरच्या संग्रहालयालाही कळवा.