मेंदूची दुसरी शिकवणी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून अलग होऊन जो जिल्हा अस्तित्वात आला, ज्याचा बहुतांश मुलूख आजही वनाखाली आहे, आणि ज्याचे नाव सरकारी दप्तरांत व वृत्तपत्रांत हिवताप, बालमृत्यू आणि नक्षलवाद यांच्याच संदर्भात घेण्याची प्रथा पडून गेली आहे, त्या गडचिरोलीत माणसे मुख्यतः कशाने मरत असावीत, असे पुण्यामुंबईच्या एखाद्या सुविद्य गृहस्थास विचारले, तर तो हिवतापाचे, सर्पदंशाचे, फार तर क्षयाचे नाव घेईल. लकव्याचे मात्र घेणार नाही. लकवा हा बैठ्या, सुखवस्तू, चिंताग्रस्त नागरी माणसाचा आजार, अशी आपली पक्की समजूत असते, आणि मोहफुले वेचीत, बांधीत वाकून रोवणी करीत आयुष्य घालविणाऱ्यास तो गाठील, हे आपल्या कल्पनेत बसत नाही.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून या जिल्ह्यात काम करीत आहे. तेथील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांचे सहकारी यांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतील ९४,१५४ लोकवस्तीत झालेल्या प्रत्येक मृत्यूचा माग काढला. जेथे मृत्यूचा दाखला बहुधा वार्धक्याचे नाव घालून मोकळा होतो, तेथे ही खातरजमा घरोघर जाऊन आप्तांस सविस्तर विचारूनच करावी लागते: तोंड वाकडे झाले होते काय, बोलणे कधी गेले, कोणती बाजू पडली, किती दिवस अंथरुणावर काढले. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याचे निघाले, म्हणजे शेकडा १४.३, आणि मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रम पहिला लागला. हा अभ्यास २०१५ साली ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील दोन आकड्यांपाशी मात्र थांबावेसे वाटते. लकव्याने गेलेल्यांपैकी शेकडा ८७.३ माणसांनी प्राण घरीच सोडला. आणि पहिल्या महिन्याच्या आत गेलेले शेकडा ४६.३ होते. अर्थात निम्म्याहून अधिक माणसे पहिला महिना पार करून नंतर गेली.

या दोन आकड्यांचा अर्थ लागण्यासाठी मेंदूकडे वळले पाहिजे. शरीराच्या वजनात ज्याचा वाटा शेकडा २ आणि प्राणवायूच्या खर्चात शेकडा २०, असा हा अवयव; त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी; आणि रसद साठवून ठेवण्याची सोय मात्र जवळजवळ नाही. मोठी रक्तवाहिनी तुंबली, की उपचारावाचून दर मिनिटास सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेतील जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. तथापि सारा भाग एकदम मरत नाही. मधला गाभा काही मिनिटांत गेला, तरी त्याच्या सभोवारचा पट्टा आजूबाजूच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर काही तास मूर्च्छितावस्थेत तग धरतो. गुठळी विरघळविणारे औषध या पट्ट्यासाठीच असते. ते लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या मुदतीत द्यावे लागते. त्याआधी मेंदूत रक्तस्राव झालेला नाही, हे सीटी स्कॅनने पाहावे लागते, कारण रक्तस्राव असताना दिलेले तेच औषध प्राणघातक ठरते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीस पूर आला म्हणजे ज्या भामरागडचा रस्ताच तुटतो, तेथील रुग्णास साडेचार तासांचा हा हुकूम कसा पाळता यावा? खुद्द गडचिरोली शहराहूनही मोठ्या रुग्णालयांचे नागपूर सुमारे १७५ किलोमीटर आहे.

येथवरची कथा निराशेचीच आहे; पण मेंदूचा मामला एवढ्यावर मिटत नाही. प्रौढ माणसाच्या मज्जासंस्थेतील मार्ग कायमचे ठरून गेलेले असतात, असा निवाडा विसाव्या शतकाच्या आरंभी सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने दिला होता, आणि त्याच्या अधिकारामुळे तो अनेक दशके वैद्यकावर अंमल गाजवीत राहिला. मेलेली पेशी जिवंत होत नाही, हे आजही खरे. परंतु १९९६ साली रँडॉल्फ नूडो यांनी माकडांच्या मेंदूतील हाताच्या प्रदेशास लहानशी इजा करून जे पाहिले, त्याने चित्र पालटले. ज्या माकडांकडून त्या दुबळ्या हाताने बारीक खाद्यकण उचलण्याची कसरत रोज करवून घेतली, त्यांच्या मेंदूत हाताचा उरलेला प्रदेश टिकला, इतकेच नव्हे तर काहींच्या बाबतीत शेजारच्या कोपर-खांद्याच्या प्रदेशात विस्तारला. ज्यांना शिकवणी नव्हती, त्यांचा न दुखावलेला भागही आक्रसत गेला. शेत पडीक ठेवले, की शेजारी बांध कोरतो, हा अनुभव कोणाही कास्तकारास आहे; मेंदूतील वहिवाटीचा कायदाही तोच.

या कायद्याचा एक कठोर परिणाम घराघरांत दिसतो. मालकाचा उजवा हात पडला, की घरची माणसे मायेने त्याच्या डाव्या हाती पेला देतात, आंघोळ घालतात, घास भरवितात. आणि ज्या हातास थोडेफार हलता आले असते, तो निरुपयोगाने खरोखरच निरुपयोगी होतो. एडवर्ड टॉब यांनी यावर उलटा उपाय काढला: धडधाकट हातच बांधून ठेवावयाचा आणि दुखऱ्यास दोन आठवडे रोज कित्येक तास कामास जुंपावयाचे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांवरील चाचणीत या उपायाचा लाभ दिसला. मात्र मनगट व बोटे थोडी तरी हलू शकणाऱ्यांसाठीच तो आहे.

मग घरच्यांनाच शिकवून सोडावे, असे कोणासही सुचेल. भारतात नेमके तेच करून पाहण्यात आले. १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या आप्तांस व्यायामाचे शिक्षण देऊन त्यांना घरी पाठविले. आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष असा, की सहा महिन्यांनंतर मृत वा परावलंबी असणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत शेकडा ४७ एवढेच होते. मला हा निष्कर्ष मोलाचा वाटतो, कारण ‘कुटुंब आहे ना, ते पाहील’ या आपल्या आवडत्या राष्ट्रीय सबबीचे त्याने उघड खंडन केले. नुसत्या मायेने स्नायू हलत नाहीत. कोणती हालचाल, किती वेळा आणि केव्हा वाढवावयाची, हे जाणणारा आणि पुनःपुन्हा घरी येणारा माणूस लागतो.

गडचिरोलीपाशी अशा माणसाचा पूर्वानुभव आहे. ‘सर्च’ने ३९ गावांत, जेमतेम शिकलेल्या स्त्रियांस आरोग्यदूत करून, घरीच नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले, जन्मतः न रडणाऱ्या बाळास श्वास देणे हेही त्यात होते, आणि तेही वस्तुतः मेंदूचेच रक्षण. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, आणि पुढे २०११ साली केंद्र सरकारने ‘आशा’ स्वयंसेविकांमार्फत ती पद्धत देशभर स्वीकारली. लकव्याच्या बाबतीत अशा स्त्रीचे पहिले काम तो येण्यापूर्वीचे राहील: रक्तदाब मोजणे, गोळी रोज घेतली जाते काय हे पाहणे, आणि तंबाखूमिश्रित खर्‍याच्या पुडीविरुद्ध तोंड वाईट करून घेणे. दुसरे काम लकव्यानंतरचा पहिला महिना पार करणाऱ्या माणसांसाठी. अंथरुणास खिळलेला रुग्ण बहुधा मेंदूच्या मूळ इजेने जात नाही. आडवे निजवून पाजलेले पाणी फुप्फुसात उतरून होणारा न्यूमोनिया, पाठीवरची चिघळलेली जखम, यांनी जातो. त्याला बसवून घोट घोट पाजणे, दर दोन तासांनी कूस बदलविणे, उठविताना लुळा हात न ओढणे, यांस कोणतेही यंत्र लागत नाही.

आणि तिसरे काम शिकवणीचे. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत अधिक असतो, नंतर मंदावतो, पण सरावाने पुढेही काही पदरात पडते. आणि जे काम साधावयाचे, त्याच कामाचा सराव सर्वांत फलदायी ठरतो. शहरी व्यायामपत्रिकेतील रबरी चेंडू दाबण्यापेक्षा येथील माणसास तेंदूचा पुडा बांधू देणे मला अधिक शास्त्रीय वाटते: ७० पाने एकावर एक जुळवावयाची, एका हाताने दाबून धरावयाची, दुसऱ्याने दोरी फिरवून आवळावयाची. दोन्ही हात एकमेकांवाचून अडतात, पाने मोजताना लक्ष शाबूत ठेवावे लागते, आणि वाचा गेलेल्यास तो हिशेब मोठ्याने म्हणावयास लावता येतो. मात्र तो घरात माडिया बोलत असेल, तर माडियातच.