बांधकाम व्यवस्थापन, इलेक्ट्रॉनीय

बांधकाम व्यवस्थापन, इलेक्ट्रॉनीय : कार्यालयापासून दूर चाललेल्या बांधकामांची अंदाजपत्रके, मजुरांची हजेरी, मोजमापे व देयके यांच्या नोंदी संगणक, भ्रमणध्वनी व कृत्रिम उपग्रह यांच्या साहाय्याने ठेवून त्या कामांवर नियंत्रण ठेवण्याची पद्धती. कामे लहान, पण संख्येने पुष्कळ व विखुरलेली असतात, तेथे ती विशेष उपयोगी पडते. बीड जिल्ह्यातील रोजगार हमीची कामे हे तिचे बोलके उदाहरण होय.

बालाघाटच्या डोंगररांगांमुळे जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर (कासार) इ. तालुक्यांतील वस्त्या विखुरलेल्या आहेत. पाऊस कमी व अनिश्चित असून असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी बाहेर जातात. त्यामुळे विहिरी, शेततळी, बांधबंदिस्ती व रस्ते यांच्या कामांना येथे महत्त्व आले. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्या काळी सर्व व्यवहार कागदी हजेरीपट व मोजमाप पुस्तिका यांवर चाले. हजेरीपटात बनावट नावे घुसणे आणि मजुरी मिळण्यास विलंब होणे हे त्या पद्धतीचे प्रमुख दोष होते.

केंद्र शासनाचा २००५ चा ग्रामीण रोजगार हमी कायदा १ एप्रिल २००८ पासून देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांस लागू झाला. त्यासाठी राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने संगणकीय प्रणाली तयार केली. काम मागणाऱ्यांची नावे आधीच छापलेला ई-हजेरीपट तीतून निघू लागल्याने कामावर ऐन वेळी नवे नाव घालणे अवघड झाले. मोजमापाची नोंद झाल्यावर मजुरी थेट बँक वा टपाल खात्यात जमा होऊ लागली. २०१६ पासून पूर्ण झालेल्या कामांची छायाचित्रे अक्षांश-रेखांशांसह ‘भुवन’ या उपग्रहीय नकाशावर नोंदली जाऊ लागली. २०१७ पासून कामापूर्वी, काम चालू असताना व पूर्ण झाल्यावर अशा तीन टप्प्यांत ती घेण्यात आली. मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी घेणारी भ्रमणध्वनी प्रणाली मे २०२१ मध्ये सुरू झाली. १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, ती सर्वत्र सक्तीची करण्यात आली. ग्रामीण रस्त्यांच्या केंद्रीय योजनेसाठी (२०००) अशीच प्रणाली पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेने विकसित केली.

या पद्धतीस मर्यादा आहेत. छायाचित्रावरून माणूस तेथे उभा होता एवढेच कळते. चराची खोली किंवा बांधाची दाबणी कळत नाही. असंबद्ध छायाचित्रे चढविणे, छायाचित्राचेच छायाचित्र घेणे असे गैरप्रकार केंद्रीय ग्रामीण विकास मंत्रालयाने जुलै २०२५ मधील परिपत्रकात नमूद केले. याउलट, डोंगराळ भागात संपर्कजाळे न मिळाल्यास प्रत्यक्ष काम करूनही हजेरी लागत नाही व त्या दिवसाची मजुरी धोक्यात येते. अपवादात्मक परिस्थितीत हस्तलिखित हजेरी ग्राह्य धरण्याचा अधिकार जिल्हा पातळीवर ठेवण्यात आला. परंतु तेथवर दाद मागणे मजुरास सोपे नसते. म्हणजे यंत्रातील दोषाचा भार त्या यंत्रावर कोणताही ताबा नसलेल्या व्यक्तीवर पडतो.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला असून त्यात तंत्रवैज्ञानिक देखरेखीवर अधिक भर आहे. तथापि अभियंत्याने जागेवर जाऊन केलेले मोजमाप आणि ग्रामसभेपुढील सामाजिक अंकेक्षण यांची जागा इलेक्ट्रॉनीय नोंद घेऊ शकत नाही. ती त्यांस पूरकच ठरते.