ठिपक्याच्या मनात काय आहे?

रडारच्या पडद्यावर एक ठिपका सरकतो आहे. ते प्रवासी विमान आहे की हल्ला करायला येणारे? रडार विमानाची जागा सांगते. दोन नोंदींतील अंतराला मधल्या काळाने भागले की वेग मिळतो. वैमानिकाचा हेतू मात्र कोणतेही उपकरण मोजत नाही. तो या आकड्यांवरून माणसाने ताडायचा.

त्यासाठी उंचीतील बदल फार महत्त्वाचा. नुकतेच उडालेले प्रवासी विमान चढत जाते. हल्लेखोर विमान खाली झेपावू शकते. पण अनेक विमानांतील यंत्र आपली उंची १००-१०० फुटांच्या टप्प्यांनी कळवते. समजा, विमान सेकंदाला २५ फूट चढत आहे. दोन सेकंदांनी पाहिले, तर आकडा बदललेला असेलच असे नाही! वीस सेकंद थांबलात, तर ५०० फुटांचा फरक स्पष्ट दिसेल. पण थांबायला सवड हवी ना?

३ जुलै १९८८ रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीत ‘व्हिन्सेन्स’ ही अमेरिकन युद्धनौका इराणच्या छोट्या सशस्त्र बोटींशी लढत होती. त्याच वेळी इराण एअरचे एअरबस विमान बंदर अब्बासहून दुबईला निघाले. त्या विमानतळावरून लष्करी विमानेही उडत. नौकेने रेडिओवरून इशारे दिले. त्यांतले बरेचसे लष्करी कंपनसंख्येवर होते. प्रवासी विमानाला ते ऐकू येणेच शक्य नव्हते. उत्तर आले नाही. नियंत्रण कक्षात कोणी सांगितले, विमान उतरते आहे. कप्तानाने क्षेपणास्त्रे सोडायला लावली. उड्डाणाला जेमतेम सात मिनिटे झाली होती. विमानातील सर्व २९० माणसे मरण पावली.

पुढे नौकेवरील संगणकाच्या फिती तपासल्या, तेव्हा दिसले की विमान सतत चढत होते. रडारने उंची बरोबर मोजली होती! मग असे का झाले? पडद्यावर उंचीचा आकडा मिळे, पण ती वाढते की घटते हे दिसत नसे. आधीचा आकडा लक्षात ठेवून वजाबाकी करायची, तीही लढाईच्या धांदलीत. भरीस भर म्हणजे संगणकाने विमानाचा क्रमांक मध्येच बदलला होता आणि जुना क्रमांक दूरच्या दुसऱ्याच विमानाला मिळाला होता. माझ्या मते, ज्या राशीवर निर्णय अवलंबून, तीच पडद्यावर नसावी, हा मांडणीतला मोठाच दोष.

आता हे वर्गात करून पाहा. दर ४ सेकंदांनी मिळालेल्या उंच्या अशा: ९,८००, ९,९००, ९,९०० आणि १०,००० फूट. फक्त पहिल्या दोन, फक्त मधल्या दोन आणि पहिली व शेवटची, अशा जोड्या घेऊन चढण्याचा दर काढा. तीन उत्तरे येतील. त्यांतले कोणते धराल?