वही तीच, पारख वेगळी

थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, देशभरात राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. त्यांच्या अलौकिक प्रतिभेविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु ही प्रतिभा कुठे ओळखली गेली आणि कुठे दुर्लक्षित राहिली, हा प्रश्नही तितकाच विचारणीय आहे.

कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयात रामानुजन यांना शिष्यवृत्ती मिळाली होती. गणितात रमल्यामुळे इतर विषय मागे पडले आणि ती गेली. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयात शिकूनही त्यांना एफ. ए.ची परीक्षा उत्तीर्ण होता आले नाही. प्रत्येक विषयात किमान गुण हवेत, हा परीक्षेचा नियम होता. एकाच विषयातील असामान्य झेप मोजण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

पुढे नोकरीच्या शोधात ते व्ही. रामस्वामी अय्यर यांना भेटले. अय्यर डेप्युटी कलेक्टर होते, तसेच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापकही होते. रामानुजन यांच्या वहीतील सूत्रे पाहून, महसूल खात्याच्या कारकुनीत ही बुद्धी कोमेजू नये, असे त्यांना वाटले. त्यांनी नोकरीऐवजी मद्रासमधील गणितज्ञांच्या नावे परिचयपत्रे दिली. १९११ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

१९१२ मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. तेथील वरिष्ठ अधिकारी एस. नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. त्यामुळे हिशेबाच्या कार्यालयातही त्यांचे गणित झाकले गेले नाही.

याउलट, विद्वानांचे माहेरघर असलेल्या केंब्रिजमध्ये हेन्री बेकर आणि ई. डब्ल्यू. हॉब्सन यांना पाठविलेल्या पत्रांचा उपयोग झाला नाही. विद्यापीठीय शिक्षण नसलेल्या, दूरच्या बंदरातील कारकुनाचे सिद्धता नसलेल्या सूत्रांचे पत्र बाजूला पडणे अस्वाभाविक नव्हते. १६ जानेवारी १९१३ रोजी लिहिलेले तसेच पत्र जी. एच. हार्डी यांना मिळाले, तेव्हा त्यांनाही प्रथम शंका आली. मात्र, त्यांनी सहकारी लिटलवुड यांच्यासह ती सूत्रे बारकाईने तपासली. अशी सूत्रे कल्पनेने रचणे कुणालाही शक्य नाही, म्हणजे ती खरीच असली पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९१४ मध्ये रामानुजन इंग्लंडला गेले आणि १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

प्रतिष्ठित स्थान म्हणजे पारख नव्हे, हेच यातून दिसते. परीक्षा, पदवी आणि पत्ता या खुणा निवड सोपी करतात, पण त्यांत न बसणारा माणूस सहज निसटतो. त्यासाठी दुसऱ्यांदा तपासणीची सोय हवी, आणि नावापूर्वी काम वाचणारा जाणकार हवा. रामानुजन यांना असे वाचक लाभले. वह्या मिटूनच राहिल्या, अशांची मात्र कुठेच नोंद नाही.