सणाचा माल आणि अधिक महिना

गटाच्या दुकानात सणाला किती माल ठेवायचा, हे आपण बहुतेक वेळा मागच्या सालच्या आठवणीवर ठरवतो. यंदा तसं केलंत तर गणित चुकेल. २०२५ मध्ये राखीपौर्णिमा ९ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती २८ ऑगस्टला आहे. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरला गेलंय. एरवी आपले सण दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. अधिक महिना आला की अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. संक्रांत तेवढी सूर्यावर चालते, म्हणून ती १४-१५ जानेवारीच्या आसपासच राहते.

म्हणून सणाची तारीख धरायची आणि तिथून मागे मोजत यायचं. तालुक्याच्या दुकानदाराला राख्या तीन आठवडे आधी हव्या असतील, तर ७ ऑगस्टला डबे भरून तयार पाहिजेत. पण जुलैत खुरपणी असते. दहाजणींच्या गटातल्या सहाजणी रानात असतील, तर राख्या करणार कोण? तेव्हा रेशीम, मणी आत्ताच आणा आणि गोंडे अधिक महिन्यात करून ठेवा. लग्नं नाहीत, पेरणी व्हायची आहे, हात मोकळे आहेत. (जावयाच्या अनारशांवर झाकायचे क्रोशाचे रुमालही याच महिन्यात खपतात, पण ते जवळजवळ तीन वर्षांतून एकदाच. मोजकेच करा.)

आता किती करायचं? इथे मालाचे दोन प्रकार ओळखा. राखी सणाच्या दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही. गोधडी किंवा कापडी पिशवी पुढच्या महिन्यातही विकली जाते. समजा, एका राखीला मजुरीसकट १२ रुपये लागले आणि ती २५ला विकली. २०० केल्या, १५० खपल्या, तर हाती १,३५० रुपये उरतात. १६० केल्या असत्या आणि तेवढ्याच खपल्या असत्या, तर १,८३० उरले असते. उरलेल्या पन्नास राख्यांनी फायद्यातले ४८० रुपये जास्तीचे खाल्ले, आणि मण्यांवर धूळ बसली ती वेगळीच. म्हणून राखी थोडी कमी पडली तरी चालेल, असं माझं मत.

गोधडीचं उलट आहे. ती थंडीत विकली जाते, पण शिवायची उन्हाळ्यात. पावसाळ्यात जुनी लुगडी धुतली तर वाळत नाहीत, आणि दमट कापड शिवलं की पेटीत वास धरतं. शिवून झालेल्या गोधड्या कोरड्या पेटीत, कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यात ठेवा. उंदरांपासून मात्र जपा.

पिशव्यांना एक सोपी युक्ती आहे. साध्या पिशव्या शिवून ठेवायच्या, काठ मात्र लावायचे नाहीत. दिवाळीला जरीचा काठ, संक्रांतीच्या वाणाला काळ्या कापडावर हलव्यासारखे पांढरे टिपके. दिवाळीत कमी खपल्या तर उरलेल्या संक्रांतीला कामी येतात.

आणि दुकानात दोन वह्या ठेवा. एकीत काय विकलं ते. दुसरीत गिऱ्हाइकानं काय मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं ते, तारखेसकट. "लहान मुलाची गोधडी आहे का?" असं चौघींनी विचारलं असेल, तर पुढच्या चैत्रात तीच आधी शिवायला घ्या.