लॅबचा जुना सर्व्हर : 'चालतंय' आणि 'सपोर्ट आहे' यांत फरक काय?

पीएचडीला लागलात की एक गोष्ट बऱ्याच जणांच्या वाट्याला येते, ती म्हणजे सीनियरने मागे ठेवलेला सर्व्हर. पासवर्ड एका वहीत, वर लॅबचं वेब ॲप्लिकेशन चालू, आणि खाली सेंटओएस 7. गाईडचा सल्ला एकच असतो, "चालतंय ना? मग हात लावू नकोस." मलाही तोच मिळाला होता.

सेंटओएस 7 आली 2014 मध्ये. तिचा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला. संपला म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या, एवढंच. पण हे 'एवढंच' महागात पडू शकतं.

'अनसपोर्टेड' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, ते आधी वेगळे करा. एक, ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांनीच तिची देखभाल सोडलीय. दोन, तुमचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ते त्या सिस्टीमवर तपासलेलंच नाही. दुसऱ्या प्रकारात सॉफ्टवेअर कधी चालतं, कधी नाही. कशावर ठरतं?

टॉमकॅटचं उदाहरण घ्या. तो जावात लिहिलेला आहे, म्हणजे तो आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यामध्ये जावा उभी असते. टॉमकॅट 9 ला जावा 8 पुरते, 10.1 ला किमान 11 लागते. योग्य जावा मिळाली की जुन्या सिस्टीमवरही तो सहसा कुरकुर करत नाही.

नोड जेएसचं तसं नाही. नोड 18 चं तयार पॅकेज ग्लिबसी या मूळ लायब्ररीची 2.28 आवृत्ती मागतं. सेंटओएस 7 मध्ये आहे 2.17, म्हणजे 2012 ची. त्यामुळे नोड सुरूच होत नाही.

इथेच मी माती खाल्ली. ग्लिबसीच हाताने बदलायला गेले. पुढच्या क्षणी साधी फाइल्सची यादीसुद्धा दिसेना, कारण जवळजवळ प्रत्येक कमांड त्याच लायब्ररीवर उभी असते. बॅकअप होता म्हणून वाचले. तुम्ही हे करू नका.

मग कंटेनर? डॉकरच्या कंटेनरमध्ये स्वतःची ग्लिबसी असते, त्यामुळे नोडची अडचण सुटू शकते. पण कर्नल मात्र खालचाच वापरला जातो, तोच जुना 3.10. घर नवीन, पाया जुनाच. कर्नलमधली भोकं तशीच राहतात. म्हणून कंटेनर ही तात्पुरती सोय समजा.

तुमच्या वाट्याला असा सर्व्हर आला तर क्रम असा ठेवा :

1. आधी डेटाबेस आणि कोडचा बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.
2. सिस्टीम, कर्नल, जावा, ग्लिबसी यांच्या आवृत्त्या लिहून काढा.
3. सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटला उघडा असेल तर तो फक्त संस्थेच्या नेटवर्कपुरता करा. पेपरमध्ये लिंक छापली असेल तर आधी गाईडशी बोला.
4. अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्ससारख्या चालू सिस्टीमवर सगळं नव्याने उभं करा, तपासा, मगच जुना बंद करा.

दोनेक आठवडे जातील. पण पेपर छापून आल्यावर कुणीतरी तुमची लिंक उघडतं, तुमचा निकाल पुन्हा काढून बघतं. त्या दिवशी सर्व्हर जिवंत असणं हाही तुमच्या संशोधनाचाच भाग आहे. गाईडना हेच सांगा. माझ्या गाईडना पटलं.