नळाला गढूळ पाणी, तक्रार कुठे करायची?

फजरला वुजूसाठी नळ उघडावा आणि वासाचे पाणी यावे, हे आपल्या वस्त्यांत नवे नाही. असे का होते?

मुंबईत तलावांचे पाणी शुद्ध करून ठरावीक वेळेलाच गल्लीत सोडतात. पुरवठा थांबला की पाइपातला दाब जातो. पाइप गटारातून गेलेला आणि गंजलेला असेल, तर भोकांतून घाण आत शिरते. म्हणून सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नका, बाकीचेही उकळा.

पालिकेत पिण्याचे पाणी जल अभियंता खाते बघते, सांडपाणी मलनिःसारण खाते, तर पावसाचे पाणी पर्जन्य जलवाहिन्या खाते. तक्रार १९१६ वर किंवा विभाग कार्यालयात करा, तक्रार क्रमांक जपून ठेवा.

“आमची वस्ती अनधिकृत, आम्ही काय बोलणार?” असे आपणच म्हणतो. पण पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणले. नळजोडणीने घर अधिकृत होत नाही, हे खरे; पण पाणी मागणे गुन्हाही नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.